सांधेदुखीचे मोजमाप : रुग्णास कोणते प्रश्न विचारावेत?

गुडघ्याची झीज झालेल्या रुग्णाचे क्ष-किरण चित्र पाहिले म्हणजे सांध्यातील अंतर किती कमी झाले, हाडांच्या कडा किती वाढल्या, हे डॉक्टरांना कळते. १९५७ साली केलग्रेन आणि लॉरेन्स यांनी या झिजेच्या शून्य ते चार अशा पायऱ्या ठरवून दिल्या आणि त्या आजही प्रचारात आहेत. परंतु चित्रातील झीज आणि रुग्णाची वेदना यांचा मेळ पुष्कळदा बसत नाही. चौथ्या पायरीवरचा एखादा वृद्ध रोज देवळापर्यंत चालत जातो, तर दुसऱ्या पायरीवरील स्त्रीला चुलीपुढून उठताना भिंतीचा आधार घ्यावा लागतो. तेव्हा औषध, व्यायाम अथवा शस्त्रक्रिया यांचा उपयोग झाला किंवा नाही, हे अखेर रुग्णालाच विचारावे लागते. मात्र "आता बरे वाटते ना?" एवढ्या प्रश्नाने काम भागत नाही. त्याच्या आजच्या उत्तराची सहा महिन्यांनंतरच्या उत्तराशी तुलना कशी करणार? याच गरजेतून ठरावीक प्रश्न, ठरावीक पर्याय आणि ठरावीक गुण असलेल्या प्रश्नावल्या जन्मास आल्या.

त्यांपैकी 'वोमॅक' ही सर्वाधिक परिचित होय. निकोलस बेलामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० नंतरच्या दशकात कॅनडामध्ये ती सिद्ध केली. तीत वेदनेविषयी ५, ताठरपणाविषयी २ आणि दैनंदिन हालचालींविषयी १७ असे २४ प्रश्न आहेत. प्रत्येक उत्तरास ० ते ४ गुण दिल्यास एकूण गुण ९६ होतात. गुण जितके अधिक तितका त्रास अधिक. १९९८ साली एवा रूस आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या 'कूस' या ४२ प्रश्नांच्या प्रश्नावलीत वोमॅकचे प्रश्न सामावले असून खेळ व करमणूक आणि जीवनमान हे विभाग अधिक आहेत. गुडघ्यास इजा झालेले तरुण रुग्ण तिच्या कर्त्यांच्या डोळ्यांसमोर होते. त्याच वर्षीची ऑक्सफर्डची प्रश्नावली अवघ्या १२ प्रश्नांची असून कृत्रिम गुडघा बसविलेल्या रुग्णांसाठी ती रचलेली आहे.

येथे एक इशारा देणे अवश्य वाटते. कूसमध्ये १०० गुण म्हणजे निरोगी गुडघा. वोमॅकमध्ये याच्या उलट. ऑक्सफर्डच्या प्रश्नावलीत तर प्रारंभी १२ ते ६० असे गुण असून कमी गुण चांगले मानीत. पुढे ० ते ४८ ही पद्धत आली आणि अधिक गुण चांगले ठरले. म्हणजे केसपेपरावर नुसते '४०' लिहिलेले आढळले, तर तो रुग्ण हालअपेष्टा भोगत आहे की सुखाने हिंडतो आहे, हे सांगता येणार नाही. गुणांशेजारी पद्धतीची नोंद हवीच.

प्रश्न कोणाच्या जीवनातले?

निवड करताना पहिला विचार हेतूचा. शस्त्रक्रियेपूर्वी व नंतर तुलना करावयाची असेल आणि बाह्यरुग्ण विभागात गर्दी असेल, तर १२ प्रश्न पुरे होतात. तरुण रुग्णास सोप्या हालचालींचेच प्रश्न विचारले, तर तो आरंभीच उत्तम गुण मिळवितो आणि पुढील सुधारणा दाखवावयास जागाच उरत नाही.

याहून महत्त्वाचा विचार रुग्णाच्या राहणीचा. वोमॅकमध्ये पायमोजे घालणे व काढणे, मोटारीत चढणे-उतरणे, स्नानाच्या टबात शिरणे यांविषयी प्रश्न आहेत. खुरपणी करणाऱ्या स्त्रीचा यांपैकी कशाशी संबंध? उलट उकिडवे बसणे आणि गुडघे टेकणे यांना कूसमध्ये खेळाच्या विभागात स्थान मिळाले आहे. आपल्या खेड्यांत शौचास बसणे, भाकरी थापणे, मांडी घालून जेवणे हा काही खेळ नव्हे! ज्या हालचालीवाचून तिचा दिवस अडतो तीच विचारली नाही, तर कागदावर ती बरी ठरते आणि उपचारांच्या रांगेत मागे राहते.

या बाबतीत महाराष्ट्रात झालेले काम उल्लेखनीय आहे. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ साली जागतिक आरोग्य संघटनेशी संलग्न अशा 'कॉपकॉर्ड' कार्यक्रमाखाली घरोघरी प्रश्नावली नेऊन संधिवाताची पाहणी सुरू झाली. तिचे सूत्रधार डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पुण्यातील केंद्राने भारतीय राहणीस अनुसरून वोमॅकमध्ये फेरफार केला व तो आपल्या औषधचाचण्यांत वापरला.

अर्थात प्रश्न मनास येतील तसे बदलून चालत नाही. भाषांतर दुसऱ्या जाणकाराकडून पुन्हा मूळ भाषेत करवून पडताळावे लागते. प्रकृती स्थिर असलेल्या रुग्णाने काही दिवसांनी तीच उत्तरे द्यावयास हवीत आणि प्रकृती सुधारली तर गुणांतही फरक दिसावयास हवा. हक्क राखून ठेवलेल्या प्रश्नावलीसाठी पूर्वपरवानगीही घ्यावी लागते.

विचारण्याची रीत

वोमॅक मागील ४८ तासांचे विचारते, कूस आठवड्याचे, तर ऑक्सफर्ड चार आठवड्यांचे. लग्नघरातील धावपळीनंतर दोन दिवसांनी विचारल्यास पहिलीचे गुण साहजिकच बिघडतील. निरक्षर रुग्णास प्रश्न वाचून दाखवावे लागतात. ते काम उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी स्वतः करू नये, कारण डॉक्टरांचे मन मोडू नये म्हणून "बरे आहे" म्हणणारे रुग्ण थोडे नाहीत. शेजारी उभ्या असलेल्या मुलानेही आईचे उत्तर देऊ नये.

राहिला प्रश्न कोऱ्या जागेचा. "मी मोजे वापरत नाही" असे रुग्णाने सांगितले की पुष्कळदा तेथे शून्य लिहिले जाते. परंतु वोमॅकमध्ये शून्य म्हणजे मुळीच त्रास नाही. कूसच्या नियमानुसार विभागातील निदान निम्म्या प्रश्नांची उत्तरे असल्यास त्यांच्या सरासरीवरून गुण काढता येतात. त्याहून कमी असल्यास तो विभाग न मोजलेला म्हणूनच नोंदवावा.