एकवीस दिवस गोळी, सात दिवस सुट्टी

‘कर्करोग शरीरात पसरला आहे’ हे वाक्य कानावर पडले की घरची मंडळी दोनच प्रश्न विचारतात. किती दिवस? आणि किती खर्च? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. परंतु आजकाल स्तनाच्या कर्करोगाच्या पुष्कळ रुग्णांना घरी बसून घेण्याची गोळी दिली जाते, आणि तेथे तिसरा प्रश्न तितकाच महत्त्वाचा ठरतो. तो सहसा कोणी विचारत नाही. ही गोळी कोणत्या दिवशी घ्यायची नाही?

वाचकहो, मी कर्करोगतज्ज्ञ नव्हे. तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणारा साधा एम.बी.बी.एस. डॉक्टर आहे. पण मुंबई-पुण्याच्या तज्ज्ञांनी लिहून दिलेली औषधे घेऊन रुग्ण शेवटी आपल्याच गावी परततो. रात्री ताप आला तर तो आमचेच दार वाजवतो. म्हणून या औषधाविषयी लिहिणे मला आवश्यक वाटते.

एक चूक, माझी स्वतःची

२०२३ सालच्या उन्हाळ्याआधीची गोष्ट. जवळच्या खेड्यातील एक बाई, वय अठ्ठावन्न, पाठदुखीसाठी माझ्याकडे येत असत. शेतात वाकून काम करणाऱ्या बाईची पाठ दुखणारच, असे समजून मी वेदनाशामक गोळ्या दिल्या, कॅल्शियम दिले, शेकायला सांगितले. तीन महिने गेले. एके दिवशी त्यांची सून बरोबर आली आणि सहज म्हणाली, “डॉक्टर, नऊ वर्षांपूर्वी सासूबाईंचं छातीचं ऑपरेशन झालंय, त्याचा काही संबंध नसेल ना?”

ते ऑपरेशन मला ठाऊक नव्हते, कारण मी विचारलेच नव्हते. पुढील तपासण्यांत मणक्यांमध्ये आणि बरगडीत गाठी आढळल्या. स्तनाचा कर्करोग नऊ वर्षांनी हाडांत परतला होता. हार्मोनवर वाढणाऱ्या जातीचा कर्करोग असा पाच, दहा, प्रसंगी पंधरा वर्षांनीही डोके वर काढतो. तेव्हा पहिला धडा माझ्यासारख्या डॉक्टरांसाठी आणि दुसऱ्या बाजूने तुमच्यासाठी : जुने ऑपरेशन कितीही जुने असले तरी प्रत्येक नव्या डॉक्टरांना सांगा.

त्या बाईंना मुंबईच्या तज्ज्ञांनी पाठीला किरणोपचार दिले आणि दोन औषधे सुरू केली. एक लेट्रोझोल ही रोजची छोटी गोळी आणि दुसरी पॅल्बोसायक्लिब. आजचा विषय ही दुसरी गोळी.

कोणत्या रुग्णासाठी?

स्तनाचे सर्व कर्करोग एका जातीचे नसतात. गाठीचा तुकडा तपासला की त्या रिपोर्टमध्ये तीन नावे येतात : ई.आर., पी.आर. आणि हर-टू. पहिली दोन पॉझिटिव्ह असतील तर त्या पेशींना स्त्री-संप्रेरकांचे, म्हणजे हार्मोनचे खतपाणी लागते. पॅल्बोसायक्लिब आहे ती हार्मोन पॉझिटिव्ह आणि हर-टू निगेटिव्ह असलेल्या, पसरलेल्या कर्करोगासाठी. तिन्ही निगेटिव्ह असलेल्या रुग्णाला ही गोळी दिली जात नाही. म्हणून शेजारणीला चालली म्हणून आपल्यालाही चालेल, हा हिशेब येथे लागू नाही. हा रिपोर्ट जपून ठेवा. आगाऊ दोन झेरॉक्स काढून ठेवल्यास उत्तम.

आणखी एक गोष्ट. पाळी चालू असलेल्या स्त्रीला लेट्रोझोल एकटे पुरत नाही, कारण अंडाशय संप्रेरक तयार करीतच राहतात. त्यांचे काम इंजेक्शनने थांबवावे लागते किंवा शस्त्रक्रियेने अंडाशय काढावे लागतात.

गोळी काम कशी करते?

एस.टी. स्थानकावर गाडी फलाटाला लागलेली असते, प्रवासी बसलेले असतात, परंतु कंट्रोलरकडे नोंद झाल्याशिवाय ती सुटत नाही. आपल्या पेशीतही असाच एक कंट्रोलर असतो. एका पेशीच्या दोन पेशी होण्याआधी तो तिला अडवून धरतो. सी.डी.के.-४ आणि सी.डी.के.-६ ही दोन प्रथिने, सायक्लिन नावाच्या तिसऱ्या प्रथिनाशी जोडी जमवून, या कंट्रोलरला बाजूला करतात आणि गाडी सुटते. निरोगी पेशीत हे वेळापत्रकाप्रमाणे चालते. हार्मोनवर वाढणाऱ्या कर्करोगात संप्रेरकांच्या जोरावर हे सायक्लिन वाढते आणि गाड्यांमागून गाड्या सुटू लागतात.

पॅल्बोसायक्लिब ४ आणि ६ या दोघांना निष्प्रभ करते. लेट्रोझोल शरीरातील संप्रेरक कमी करते. एक औषध इंधन तोडते, दुसरे फाटक बंद ठेवते. म्हणूनच ही गोळी एकटी न देता हार्मोनच्या औषधासोबत देतात.

या ज्ञानाचा उगम मोठा गमतीचा आहे. १९८२ साली टिम हंट हे ब्रिटिश शास्त्रज्ञ अमेरिकेतील वुड्स होल येथील प्रयोगशाळेत सी-अर्चिनच्या अंड्यांवर काम करीत होते. सी-अर्चिन म्हणजे साळिंदरासारखे काटे असलेला एक लहानसा समुद्री जीव. प्रत्येक विभाजनाआधी एक प्रथिन साठते आणि विभाजन होताच नाहीसे होते, असे त्यांना दिसले. तेच सायक्लिन. लेलँड हार्टवेल आणि पॉल नर्स यांनी यीस्टवर, म्हणजे पाव फुगवणाऱ्या बुरशीच्या जातकुळीवर, पेशीविभाजनाचे नियम शोधले होते. या तिघांना २००१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे २००९ साली लॉस एंजेलिसच्या संशोधकांनी दाखवले की स्तनाच्या कर्करोगाच्या अनेक पेशींपैकी हार्मोनवर वाढणाऱ्या पेशी पॅल्बोसायक्लिबला सर्वाधिक दबतात. २०१५ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली. सी-अर्चिनच्या अंड्यापासून गोळीपर्यंत तेहतीस वर्षे लागली.

गुण किती? खरे सांगायचे तर...

२०१६ साली पाळी गेलेल्या ६६६ स्त्रियांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. नुसत्या लेट्रोझोलवर रोग पुन्हा वाढू लागेपर्यंतचा मधला काळ १४.५ महिने होता. सोबत पॅल्बोसायक्लिब दिल्यावर तो २४.८ महिने झाला. म्हणजे सुमारे दहा महिने अधिक, आणि तेही बहुतांश घरी, स्वतःच्या पायांवर. मात्र त्याच अभ्यासात एकूण आयुष्यमानातील फरक निर्णायक ठरला नाही. याच कुळातील रायबोसायक्लिब या औषधाच्या अभ्यासात एकूण आयुष्यमान ५१.४ वरून ६३.९ महिन्यांवर गेल्याचे २०२२ साली प्रसिद्ध झाले. तिसरे भावंड अबेमासायक्लिब. कोणाला कोणते द्यायचे हे तज्ज्ञ रुग्णाचे हृदय, यकृत, पोट आणि खिसा पाहून ठरवतात.

ही औषधे पसरलेला रोग मुळासकट काढत नाहीत, रोखून धरतात. मधुमेहाची गोळी जशी ‘बरे वाटले म्हणून’ सोडायची नसते, तशीच ही.

खर्चाविषयी दोन शब्द. २०२३ च्या जानेवारीत भारतात पॅल्बोसायक्लिबच्या पेटंटची मुदत संपली आणि अनेक भारतीय कंपन्यांच्या गोळ्या बाजारात आल्या. किंमत पुष्कळ खाली उतरली. म्हणून तज्ज्ञांना संकोच न करता विचारा, “यातील स्वस्त कंपनीची चालेल का?” रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे सरकारी योजनेची चौकशीही करा.

ती सात दिवसांची सुट्टी

आता मूळ मुद्दा. पॅल्बोसायक्लिब दिवसातून एकदा, सलग २१ दिवस घ्यायची आणि पुढचे ७ दिवस बंद ठेवायची. असा २८ दिवसांचा एक फेरा. लेट्रोझोल मात्र अठ्ठावीसही दिवस चालू ठेवायचे. येथेच गफलत होते. कोणी दोन्ही गोळ्या आठवडाभर बंद ठेवतात, तर कोणी ‘महागाचे औषध, खंड कशाला’ म्हणून दोन्ही चालू ठेवतात.

खंड का? आपल्या हाडांच्या मगजात रोज नव्या पांढऱ्या पेशी तयार होतात. त्यांनाही विभाजनासाठी तेच सी.डी.के.-६ लागते. गोळीने त्यांच्याही गाड्या अडतात. न्यूट्रोफिल या जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी कमी होतात. वर सांगितलेल्या अभ्यासात ६६ टक्के स्त्रियांमध्ये त्या बऱ्याच खाली गेल्या होत्या. परंतु केमोथेरपीत पेशी मरतात, येथे त्या बहुतांशी थबकतात. फाटक उघडले की पुन्हा चालू लागतात. ते फाटक उघडण्यासाठीच हे सात दिवस. त्यामुळे न्यूट्रोफिलचा आकडा पाहून घाबरून कायमची गोळी सोडू नका आणि आकडा न पाहता पुढचा फेराही सुरू करू नका.

पहिल्या दोन फेऱ्यांत सुरुवातीला आणि पंधराव्या दिवशी, व नंतर प्रत्येक फेऱ्याआधी रक्ताची सी.बी.सी. तपासणी करावी लागते. ती आपल्या गावातही होते. न्यूट्रोफिल हजाराच्या खाली असतील तर नवा फेरा सहसा पुढे ढकलतात. गरज पडल्यास १२५ मिलिग्रॅमची मात्रा १०० किंवा ७५ वर आणतात. मात्रा कमी केली म्हणजे उपचार फसला, असे मुळीच नव्हे.

एक इशारा : रायबोसायक्लिबलाही असाच २१ आणि ७ दिवसांचा क्रम आहे व तिच्यासाठी हृदयाचा ई.सी.जी. लागतो. अबेमासायक्लिब मात्र दिवसातून दोनदा, खंड न पाडता घेतात आणि तिने जुलाब होतात. एकीचा नियम दुसरीला लावू नका.

त्या संध्याकाळी

त्या बाई तिसऱ्या फेऱ्याच्या सोळाव्या दिवशी दवाखान्यात आल्या. ताप १०१.५, घसा लाल, थोडा खोकला. बाहेर गर्दी होती. हात सवयीने क्लॅरिथ्रोमायसिन लिहू लागला. सुनेने पिशवीतून एक घडी घातलेला कागद काढून टेबलावर ठेवला. “डॉक्टर, कोणतंही औषध लिहिण्याआधी हा दाखवायला सांगितलाय.”

कागदावर नको असलेल्या औषधांची यादी होती आणि त्यात क्लॅरिथ्रोमायसिन होते. हे औषध यकृतात पॅल्बोसायक्लिबचा निचरा अडवते. गोळी रक्तात साठते आणि पांढऱ्या पेशी आणखी घसरतात. मी लेखणी खाली ठेवली. तासाभरात रक्ताचा रिपोर्ट आला : न्यूट्रोफिल ४५०. त्याच संध्याकाळी त्यांना जिल्ह्याच्या रुग्णालयात पाठवले. शिरेतून प्रतिजैविके सुरू झाली. पाचव्या दिवशी बाई घरी आल्या. पुढचा फेरा उशिरा आणि १०० च्या मात्रेवर सुरू झाला.

ताप येऊन पेशी अशा घसरणे या गोळीत क्वचितच घडते. त्या मोठ्या अभ्यासात ते दोन टक्क्यांहूनही कमी स्त्रियांत झाले. परंतु ज्या घरात घडते तेथे काही तासांचाच अवधी असतो.

लक्षात ठेवा, कापून ठेवा

१. कॅलेंडरवर २१ दिवसांना टिक करा, ७ दिवसांना फुली मारा. कॅलेंडर स्वयंपाकघरात टांगा.

२. गोळी रोज ठरलेल्या वेळी घ्या. कॅप्सूल असेल तर जेवणासोबत. ती फोडू, चावू नका. एखादा दिवस चुकला किंवा उलटी झाली तर त्या दिवशी जादा गोळी घेऊ नका.

३. थर्मामीटर घरात हवाच. ताप १००.४ किंवा अधिक असेल तर पॅरासिटामोल घेऊन सकाळची वाट पाहू नका. रात्र असली तरी डॉक्टरांना गाठा.

४. नवा कोरडा खोकला, धाप लागणे किंवा एका पायाला सूज आल्यास लगेच सांगा.

५. बुरशीवरील काही गोळ्या, क्षयरोगातील रिफॅम्पिसिन, फिट्सवरील फेनिटॉइन व कार्बामाझेपिन यांचा या गोळीशी वाद आहे. ग्रेपफ्रूट टाळा, पपनसही नको. जडीबुटीचे औषध घेत असाल तर लपवू नका.

६. गोळ्यांची यादी, ई.आर., पी.आर., हर-टूचा रिपोर्ट आणि तज्ज्ञांचा फोन नंबर एकाच पिशवीत ठेवा. कोणत्याही डॉक्टरांकडे जाताना ती पिशवी सोबत न्या.

त्या बाईंना ही गोळी सव्वादोन वर्षे लागू पडली. त्या काळात त्यांनी दोन दिवाळ्या केल्या, नातीचे बारसे केले, ओझे उचलायचे नाही या अटीवर शेताच्या बांधापर्यंत जाऊन आल्या. नंतर स्कॅनमध्ये रोग पुन्हा हलल्याचे दिसले आणि तज्ज्ञांनी औषध बदलले. आता दर महिन्याला इंजेक्शन असते. परवा त्या आल्या होत्या. मी काही विचारण्याआधीच सुनेने पिशवी टेबलावर ठेवली, आणि मीही आधी कागद वाचला, मग लेखणी उचलली.