ग्रंथसूची, संगणकीय जाल आणि वाचकाचा शब्द

ग्रंथालये आणि संगणकीय माहितीजाल परस्परांना कशी घडवितात, याचा विचार प्रस्तुत टिपणात एका लहानशा उदाहरणाच्या आधारे करावयाचा आहे.

भिलाईच्या सिविक सेंटरमध्ये बसून एखादा मराठी वाचक ‘छत्तीसगढ मित्र’ हे नाव शोधीत आहे, अशी कल्पना करावी. हे हिंदी मासिक माधवराव सप्रे यांनी १९०० साली पेंड्रा येथून सुरू केले. सप्रे मूळचे मराठीभाषी. लोकमान्य टिळकांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत आणले ते त्यांनीच. मराठी वाचक ‘छत्तीसगढ’ असे लिहितो. हिंदीत मात्र याच ‘ढ’खाली नुक्ता देतात. डोळ्याला हा भेद क्षुल्लक वाटतो. यंत्राच्या लेखी तो संकेतांचा भेद होय. दोन्ही रूपे एकच मानावीत अशी योजना केलेली नसेल, तर संग्रही असलेला अंकही वाचकाला सापडत नाही.

सूचीकाराला ही अडचण नवी नाही. एका ग्रंथकाराची भिन्न नामरूपे एका अधिकृत नोंदीखाली आणणे आणि इतर रूपांवरून तिकडे निर्देश करणे, हे त्याचे जुनेच काम. शंकर गणेश दाते यांनी ‘मराठी ग्रंथसूची’च्या दोन खंडांत १८०० ते १९५० या काळातील ग्रंथांच्या नोंदी संगणकाविना संकलित केल्या. दिल्लीचे डेलनेट (१९८८) आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने १९९१ साली आरंभिलेले इन्फ्लिबनेट यांच्या संयुक्त सूचींना अशाच शिस्तीचा आधार लागतो. जालाला रीत मिळाली ती ग्रंथालयाकडून.

उलटपक्षी, जालानेही ग्रंथालयाला बदलले. एकाकी ग्रंथालयात सूचीकाराची खाजगी पद्धत खपून जाते. संयुक्त सूचीत तिचा दोष सर्व वाचकांना भोगावा लागतो. ‘दऱ्या’ या शब्दातील अर्धा ‘र’ युनिकोडमध्ये दोन निराळ्या संकेतक्रमांनी लिहिता येतो. दिसावयास शब्द एकच, शोधात मात्र दोन. म्हणून नोंद कशी दिसते याबरोबरच ती कोणत्या संकेतांनी लिहिली आहे, हेही आज सूचीकाराला पाहावे लागते.

‘वाचकाचा वेळ वाचवावा’ अशा आशयाचे सूत्र रंगनाथन यांनी १९३१ साली मांडले. महाराष्ट्राबाहेरील मराठी वाचकाला, ज्याच्याजवळ मराठी ग्रंथांचे कपाट क्वचितच असते, या सूत्राची गरज अधिक आहे. त्याच्यापुरते ग्रंथालयाचे दार म्हणजे ही नोंदच होय.