सेवा देणाऱ्यांचे स्वास्थ्य : कर्मचारी आरोग्य योजनेतून मिळालेले धडे

रुग्णालयाचा वार्षिक अहवाल म्हटला की त्यात बाह्यरुग्ण, आंतररुग्ण, शस्त्रक्रिया आणि सवलतीत केलेले उपचार यांची आकडेवारी येते. ताळेबंदात इमारत, यंत्रसामग्री व रुग्णवाहिका यांचे मूल्य मांडले जाते आणि त्यावर दरवर्षी घसारा धरला जातो. परंतु ज्यांच्या हातून ही सेवा घडते, त्यांच्या शरीरामनाची झीज कोणत्याही खतावणीत दिसत नाही. कर्मचारी आरोग्य योजना राबविताना आमच्याकडून झालेल्या चुका आणि त्यांतून मिळालेले धडे येथे मांडत आहोत. अन्य धर्मादाय संस्थांना त्यांचा उपयोग व्हावा, एवढाच हेतू.

पहिला प्रयत्न

आमची सुरुवात उत्साहात झाली. सभागृहात योगवर्ग, आहारावर व्याख्यान आणि सर्वांची रक्ततपासणी असा कार्यक्रम आखला. वेळ सकाळी अकराची ठेवली. कार्यालयातील मंडळी आली. मात्र वॉर्डातील परिचारिकांना जागा सोडता येईना, रात्रपाळी केलेले झोपेसाठी घरी गेले आणि कंत्राटी सफाई कामगारांना निमंत्रणच नव्हते. ते कंत्राटदाराचे कर्मचारी, असे आम्ही गृहीत धरले होते. त्यातच तपासणीचे अहवाल विभागप्रमुखांमार्फत वाटले गेले. कोणाची साखर वाढली आहे, याची चर्चा उपाहारगृहात होऊ लागली. पुढील तपासणीस उपस्थिती रोडावली, यात नवल नाही.

डोळे उघडणारी घटना

त्यानंतर काही महिन्यांनी एका कंत्राटी सफाई मावशींना लाल पिशवी बांधताना सुई टोचली. वापरलेली सुई पांढऱ्या, छिद्र न पडणाऱ्या डब्यात जावयास हवी होती. ती पिशवीत कोणी टाकली, हे कळले नाही आणि ती कोणत्या रुग्णाची, हेही कळणे शक्य नव्हते. काम जाईल या भीतीने मावशींनी ही गोष्ट लपविली. चौथ्या दिवशी त्यांच्या सोबतिणीने परिचारिकेच्या कानावर घातली. एच.आय.व्ही. प्रतिबंधक औषधे शक्यतो दोन तासांत व उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यावयाची असतात. ती मुदत उलटून गेली होती. हिपॅटायटिस-बी ची लसही त्यांना कधी दिली गेली नव्हती. ती, तसेच त्या आजारावरील इम्युनोग्लोब्युलिनचे इंजेक्शन त्याच दिवशी देण्यात आले. पुढील सहा महिने त्यांच्या ठराविक काळाने तपासण्या झाल्या. सुदैवाने सर्व अहवाल निर्दोष आले. परंतु ते सहा महिने त्यांनी व त्यांच्या कुटुंबाने कसे काढले असतील, याचा विचार आम्हांस आजही अस्वस्थ करतो. आमच्या रुग्णालयात औषध होते, डॉक्टर होते. नव्हता तो विश्वास.

नव्याने केलेली मांडणी

१) सर्वांचा समावेश : जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ नुसार हा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाचे हिपॅटायटिस-बी व धनुर्वात यांविरुद्ध लसीकरण, तसेच कामावर घेताना व त्यानंतर वर्षातून किमान एकदा आरोग्य तपासणी बंधनकारक आहे. हा नियम कायम व कंत्राटी असा भेद करीत नाही. हिपॅटायटिस-बी च्या लसीचे तीन डोस असतात : पहिला, एका महिन्याने दुसरा व सहा महिन्यांनी तिसरा. तिसरा डोस हमखास विसरला जातो. म्हणून प्रत्येकाचे लसीकरण-पत्रक ठेवून तारखेचे स्मरण देण्याची जबाबदारी एकाच व्यक्तीकडे सोपविली. लस न घेतलेल्यास बाधित सुईमुळे हिपॅटायटिस-बी होण्याचा धोका शंभरात तीसपर्यंत असू शकतो, तर एच.आय.व्ही.चा धोका साधारण हजारात तीन. हे आकडे मराठीत समजावून सांगितल्यावर लस घेण्यास कोणी नकार दिला नाही.

२) दोषारोपाविना नोंद : सुई टोचल्यास जागा साबण व वाहत्या पाण्याने धुवावी, ती दाबू वा चोखू नये आणि तत्काळ अपघात विभागात यावे, असा फलक प्रत्येक वॉर्डात लावला. रात्रीही औषध मिळेल अशी व्यवस्था केली. नोंद करणाऱ्यावर कारवाई होणार नाही, असे लेखी परिपत्रक विश्वस्त मंडळाच्या स्वाक्षरीने काढले. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावू नये, हा पाठ डॉक्टरांपासून प्रशिक्षणार्थींपर्यंत सर्वांना दरवर्षी दिला जातो.

३) गोपनीयता : तपासणी अहवाल आता बंद पाकिटात केवळ संबंधित व्यक्तीच्या हाती जातो. प्रशासनाकडे नावे येत नाहीत, फक्त एकत्रित संख्या येते.

४) कामाची रचना : कर्मचाऱ्यांनाच विचारले, तेव्हा त्यांनी योगवर्ग मागितला नाही. रात्रपाळीत गरम जेवण, बसावयास खुर्ची, कपडे बदलण्यास कडी असलेली खोली आणि महिन्याचे पाळीपत्रक आधी मिळावे, एवढेच मागितले. रुग्णास खाटेवरून स्ट्रेचरवर घेताना मावशी व मामांच्या कमरेवर ताण येतो. त्यासाठी सरकविण्याच्या फळ्या घेतल्या. रात्रपाळी संपविणाऱ्यास त्याच दिवशी पुन्हा बोलावणे बंद केले. योगवर्गही चालू आहे, परंतु तो पाळी बदलण्याच्या वेळी व ऐच्छिक आहे.

५) मनाचे आरोग्य : जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये कामाच्या दीर्घ ताणातून येणाऱ्या थकव्याला व्यवसायाशी निगडित स्थिती म्हणून स्थान दिले, तो आजार मानलेला नाही. म्हणजेच त्याचा उपाय केवळ व्यक्तीत नव्हे, कामाच्या पद्धतीतही शोधावयास हवा. २०२० च्या महामारीत आमच्या सहकाऱ्यांनी जे पाहिले, ते अनेकांनी घरीही सांगितले नाही. वॉर्डात मृत्यू झाल्यानंतर तेथील चमूस थोडा वेळ एकत्र बसता यावे, अशी प्रथा आम्ही पाडली आहे. संस्थेबाहेर बोलावेसे वाटणाऱ्यांसाठी २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक सूचनाफलकावर लावला आहे.

मूल्यमापन

योजनेनंतरच्या पहिल्या वर्षी सुई टोचल्याच्या नोंदी घटण्याऐवजी वाढल्या. आमच्यासारख्या हिशेबाच्या माणसास प्रथमदर्शनी ते अपयश वाटले. विचारांती ध्यानात आले की अपघात वाढले नव्हते, ते लपविणे कमी झाले होते. त्यामुळे आम्ही आता केवळ संख्या पाहत नाही. घटना व नोंद यांत किती वेळ गेला, हे पाहतो.

या सर्वांस फार मोठा निधी लागला नाही. लस, फळ्या व रात्रीचे जेवण यांचा खर्च अंदाजपत्रकात स्वतंत्र शीर्षाखाली धरला जातो, जेणेकरून टंचाईच्या वर्षी तो प्रथम कापला जाऊ नये. देणगीदार उपकरणांसाठी उदारहस्ते साहाय्य करतात, त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. त्या उपकरणांमागे उभ्या असलेल्या माणसांसाठीही त्यांचा हात पुढे यावा, ही विनंती.

त्या मावशी आजही आमच्याकडे काम करतात. नव्याने रुजू होणाऱ्या सफाई कामगारांना सुईच्या डब्याविषयीचा पहिला पाठ त्याच देतात.