आधी पाणी, मग मासा

दुकानातील काचेआड निळ्या ठिपक्यांनी चमचमणारा, डोळ्यावरून काळा पट्टा उतरलेला, जेमतेम दोन इंच लांबीचा रॅम मासा दृष्टीस पडावा, आणि आपल्या घरच्या हिरव्यागार टाकीत तो किती शोभून दिसेल या एकाच कल्पनेने बाकीचा सारा विचार मागे पडावा, असे मत्स्यालयाचा छंद जडलेल्या पुष्कळांच्या बाबतीत घडते. माझ्या बाबतीत ते घडले आणि त्याची किंमत सहा मुक्या जिवांनी चुकती केली, म्हणून हे चार शब्द लिहिणे मी कर्तव्य समजतो.

पुण्याच्या उपनगरातील आमच्या घरी बोअरचे पाणी येते. त्याच पाण्याने भरलेली तीन फुटी टाकी, तळाशी वनस्पतींसाठी मुद्दाम विकत आणलेली पोषक माती, तीत रोवलेली अमेझॉन सोर्ड आणि क्रिप्टोकोरिनची रोपे, असा सगळा सरंजाम मांडून पुरते दोन आठवडेही झाले नव्हते, तोच मी रॅमच्या तीन जोड्या आणून सोडल्या. चौथ्या दिवशी सकाळी पाहतो तो एक मादी सोर्डच्या रुंद पानावर कलून पडलेली. अंगाचा निळा रंग विझून काळवंडलेला, कल्ले भात्यासारखे भराभर हलत असलेले. आणि त्याच पानाच्या कडेवरून प्राणवायूचे बारीक बुडबुडे संथपणे वर चढत होते. आठवडा सरेपर्यंत सहाही मासे गेले.

मग मोजमाप केले, जे वास्तविक आधी करावयास हवे होते. पाण्याचा सामू 8, तापमान 29 अंश, टीडीएस मीटरवर आकडा 740, आणि अमोनियाच्या चाचणीचा पिवळा रंग स्पष्ट हिरव्यावर गेलेला. कारणमीमांसा अशी, की ही पोषक माती पहिले काही आठवडे स्वतःच अमोनिया सोडते, तो पचविणाऱ्या जिवाणूंची वसाहत फिल्टरमध्ये वसण्यास सामान्यतः महिना-दीड महिन्याची मुदत लागते, आणि तोच अमोनिया सामू व उष्णता चढेल तसतसा अधिक विषारी होत जातो. वनस्पतींना मात्र तो खाद्यच असतो. रोपे तरारली म्हणजे पाणी माशांना मानवले, ही माझी समजूत मुळातच चुकीची होती.

रॅम ज्यात मोडतो ते सिक्लिड कुळ आपल्याला अगदीच परके नाही. कोकण-गोव्याच्या खाड्यांतील कालुंदर याच कुळातला. परंतु 1948 साली मायर्स आणि हॅरी यांनी ज्याचे शास्त्रीय वर्णन केले तो रॅम मूळचा व्हेनेझुएला-कोलंबियातील ओरिनोको नदीच्या गवताळ मैदानांतला. मृदू, किंचित आम्ल आणि ऊन पाण्यात वाढलेला. त्याला 27 ते 30 अंश उष्णता लागते, आणि ती अनुबियास किंवा सोर्ड सोसत असली तरी कित्येक नाजूक रोपे सोसत नाहीत; म्हणजे रॅम निवडताना वनस्पतीही त्याच्याच कलाने निवडाव्या लागतात. नवशिक्याने त्याचा बोलिव्हियातील भाऊबंद निवडावा. तो रंगाने फिका खरा, पण प्रकृतीने पुष्कळ काटक. ज्यांच्या घरी थंडीत टाकी गारठते त्यांच्यासाठी पॅराग्वे नदीच्या खोऱ्यातील बोरेली उत्तम. नायजेरियातील क्रिबेन्सिस जड पाणी निभावून नेतो, मात्र तो बिळासाठी वाळू उकरताना रोपे उपटतो आणि पिले झाल्यावर शेजाऱ्यांना सळो की पळो करून सोडतो.

मी दुसऱ्या खेपेस आठ आठवडे थांबलो. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आल्याची खातरजमा केली. एक भाग बोअरच्या पाण्यात तीन भाग आरओचे पाणी मिसळून टीडीएस 200च्या आसपास आणला. आणि काकाकुवासारखा तुरा मिरविणारा काकाटुऑइडिस जातीचा एक नर व दोन माद्या आणल्या. या जातीत एका नराच्या हद्दीत अनेक माद्या नांदतात, मात्र प्रत्येकीला स्वतंत्र गुहा आणि दृष्टीआड होण्याइतका आडोसा लागतो. म्हणून टाकीच्या दोन टोकांना नारळाच्या अर्ध्या करवंट्या पालथ्या घालून मधे लाकडाचा ओंडका ठेवला. दीड महिन्याने धाकटी मादी एका सकाळी लिंबासारखी पिवळीधमक झाली. बॅटरी लावून वाकून पाहिले तेव्हा करवंटीच्या आतल्या छताला तांबूस अंड्यांचा थर चिकटलेला होता, आणि ती त्याच्याखाली राहून पंखांनी पाणी हालवीत होती. तिच्या दुप्पट आकाराचा नर जवळ येताच ती त्याच्यावर धावून जाई आणि तो निमूटपणे ओंडक्यापलीकडे जाई. आठवड्याभराने तिच्यामागून पिलांचा थवा बाहेर पडला. त्यांतील एकवीस जगली.

वाचकहो, मासा घेण्यापूर्वी त्याला आपल्यासमोर खाऊ घालावयास सांगा. पोट खपाटीला गेलेला, पांढरी दोऱ्यासारखी विष्ठा टाकणारा किंवा कोपऱ्यात अंग चोरून राहणारा मासा स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका. आणि किंमत विचारण्यापूर्वी दुकानदाराला त्याच्या टाकीतील पाण्याचा सामू विचारा. तो त्याला सांगता आला नाही, तर त्या दिवशी रिकाम्या हाताने परत या.