मोटारीचे जन्मसाल

जुन्या दस्तऐवजाचा काळ ठरवताना इतिहासाचा विद्यार्थी दोन प्रकारचे पुरावे तपासतो : बहिर्गत आणि अंतर्गत. हीच रीत जुन्या ब्रिटिश मोटारीलाही लागू पडते, असे म्हटले तर काहींना नवल वाटेल. पण मॉरिस मायनरसारख्या गाडीचे खरे जन्मसाल शोधणे हे एक छोटेखानी संशोधनच असते.

प्रथम बहिर्गत पुरावा घेऊ. ब्रिटनमध्ये १९६३ पासून नंबरपाटीच्या शेवटी वर्षदर्शक अक्षर येऊ लागले. १९६५ पासून ते सर्वत्र सक्तीचे झाले. सुरुवातीस हे अक्षर १ जानेवारीला बदलत असे. १९६७ साली तो बदल १ ऑगस्टला नेण्यात आला. त्यामुळे ‘ई’ अक्षर अवघे सात महिने चालले. आणि ‘जी’ अक्षराची गाडी १९६८ ची की १९६९ ची, हे नुसत्या पाटीवरून सांगता येत नाही. शिवाय पाटी सांगते ती नोंदणीची वेळ, जन्माची नव्हे. नोव्हेंबरात कारखान्यातून निघालेली गाडी विक्रेत्याकडे पडून राहिली, तर तिची नोंद पुढच्या साली होई.

आता अंतर्गत पुरावा. मायनर १९४८ साली अवतरली. १९५६ मध्ये समोरची दुभंगलेली काच जाऊन एकसंध काच आणि ९४८ सी.सी.चे इंजिन आले; १९६२ मध्ये १०९८ सी.सी.चे. ल्युकास कंपनीच्या डायनॅमोसारख्या भागांवर महिना व साल ठोकलेले आढळते. समजा, डायनॅमोवर ऑक्टोबर १९६२ असे आहे आणि नोंदणी मार्च १९६३ ची आहे. डायनॅमो मूळचाच असेल, तर गाडीचा जन्म या दोन मर्यादांच्या मध्येच झाला. पण तो मागाहून बदललेला असेल तर? म्हणून एका साक्षीदारावर विसंबू नये. चार भागांची साक्ष जुळते का, ते पाहावे.

निर्णायक पुरावा म्हणजे चासी नंबर आणि कारखान्याची नोंदवही. वॉरिकशायरमधील गेडन येथे ब्रिटिश मोटर इंडस्ट्री हेरिटेज ट्रस्टने अशा वह्या जपल्या आहेत. नंबर जुळला, तर बांधणीच्या तारखेचा दाखला तेथून मिळू शकतो.

एवढा खटाटोप कशासाठी? ब्रिटनमध्ये बांधणीला चाळीस वर्षे उलटलेल्या गाडीला वाहनकरात माफी मिळू शकते. लंडन-ब्रायटन या प्रसिद्ध फेरीत तर १९०४ अखेरपर्यंतच्याच गाड्या घेतात. तेव्हा थोड्या आठवड्यांनीही फरक पडतो, आणि जे साल हवे असते तेच ‘सापडण्याचा’ मोह मालकाला होतो. संशोधकाची कसोटी येथेच लागते. वही न मिळाल्यास “ऑक्टोबर १९६२ ते मार्च १९६३ च्या दरम्यान” एवढेच म्हणून थांबावे. खोट्या नेमकेपणापेक्षा प्रामाणिक मर्यादा बरी. हे मोटारीइतकेच पोथीलाही लागू आहे.