चिमणीच्या मापाचे घर



आमच्या वसतिगृहातील बऱ्याच मुलांचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात. नवापूरकडच्या पाड्यांवर ही जुनी रीत आहे. घराला कडी लागते, कोंबड्या शेजारी सांभाळतात आणि मुले आमच्याकडे राहतात. पहिल्या काही आठवड्यांतली संध्याकाळ मुलांना जड जाते. हाताला काम असले की मन रमते, म्हणून दोन वर्षांपूर्वी आम्ही चिमण्यांसाठी लाकडी घरटी करायला घेतली. त्यातून मी काय शिकले ते आणि घरटे करण्याची कृती या धड्यात देत आहे.

पहिले वर्ष

आम्ही सहा घरटी केली. लाल-पिवळा ऑइलपेंट दिला, मूठ जाईल एवढे दार ठेवले, चिमणीला बसायला दारापुढे दांडी ठोकली आणि घरटी तारेने आंब्याच्या फांद्यांना टांगली. फोटो छान आले. २० मार्चला जागतिक चिमणी दिवसही साजरा केला. पण एकही चिमणी आली नाही. एका घरट्यात मुंग्या झाल्या, दुसऱ्यात गांधीलमाश्या. मुले रोज खालून बघत. एका लहान मुलीने विचारले, "ताई, आपलं घर तिला आवडलं नाही का?" मला उत्तर देता आले नाही.

उत्तर दिले ते पाचवीतल्या एका मुलाने. त्याच्या दप्तरात दोनदा गलोल सापडली होती. दोन्ही वेळा मी ती काढून घेतली आणि सर्वांसमोर त्याला बोलले. घरट्यांच्या गटात तर त्याला घेतलेच नव्हते. तो पक्ष्यांचा वैरी, असे मी ठरवून टाकले होते.

एका संध्याकाळी तो झाडाखाली उभा राहून म्हणाला, "ताई, हे हलतं. हलणाऱ्या घरात ती अंडी घालत नाही. भोक मोठं आहे, साळुंकी शिरेल. आणि ही दांडी कावळ्याला बसायला केली का?" मग त्याने सांगितले, की त्यांच्या घरी चिमणी कौलाखालच्या फटीत राहते, तिथे अंधार असतो आणि मांजर पोहोचत नाही. शिकारीसाठी तासन्‌तास पाहिलेले त्याला पाठ होते. मी मात्र एकदाही वर पाहिले नव्हते.

त्याला मी सर्वांसमोर बोलले होते, म्हणून क्षमाही सर्वांसमोर मागितली. पुढच्या जानेवारीत गटाचा प्रमुख तोच होता.

साहित्य

१५ सें.मी. रुंद, दीड सें.मी. जाड आणि सुमारे १४० सें.मी. लांब फळी. आम्ही मोडक्या बाकाची घेतली. प्लायवूड नको, पावसात फुगून सुटते. शिवाय करवत, हातोडी, गुण्या, गिरमिट, कानस, खिळे आणि सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी.

कृती

१. फळीवर गुण्याने रेषा आखून तुकडे कापा: पाठ ३५ सें.मी., पुढची बाजू २०, छप्पर २१, तळ १२. उरलेल्या फळीतून ४५ सें.मी.चा तुकडा घ्या. एका कडेवर २५ आणि समोरच्या कडेवर २० सें.मी.वर खूण करून त्या तिरक्या रेषेवर कापला, की दोन्ही कुशीच्या बाजू मिळतात. करवत मोठ्या माणसाने धरावी. मुलांनी मोजावे आणि आखावे. गणिताचा तासही होतो.

२. पुढच्या बाजूवर, वरच्या कडेपासून साडेचार सें.मी. खाली मध्य धरून ३२ मि.मी. व्यासाचे वर्तुळ काढा. वर्तुळाच्या आतून कडेने गिरमिटाने बारीक भोके पाडा, मधला भाग काढा आणि कानशीने गोल करा. एवढ्या दारातून चिमणी जाते, साळुंकी जात नाही.

३. तळाला पाणी निथळण्यासाठी चार बारीक भोके, कुशींना वर हवेसाठी दोन-दोन.

४. कुशी तळाला ठोका, मग पाठ आणि पुढची बाजू. पाठीची फळी वर-खाली पाच-पाच सें.मी. बाहेर राहू द्या, तिथेच भिंतीला खिळे बसतात. आत खिळ्याचे टोक राहिले नाही ना, हे मुलांनी बोटाने नव्हे, काडीने तपासावे.

५. छप्पर पाठीला ट्यूबच्या पट्टीने जोडा, म्हणजे बिजागरीसारखे उघडते. पुढून आकडीने बंद करा. रंग नको, दांडी नको.

६. आठ-दहा फूट उंचीवर, वळचणीखाली, सावलीत, भिंतीला घट्ट बसवा. आपल्याकडचा पाऊस पश्चिमेकडून झोडपतो, म्हणून तोंड पूर्वेला किंवा उत्तरेला ठेवा. चिमण्यांना सोबत आवडते, म्हणून दोन-तीन घरटी जवळजवळ लावली तरी चालते.

नंतरचा नियम एकच: उघडून बघायचे नाही. पिल्ले उडून गेल्यावर जुने गवत काढून घरटे साफ करावे.

पुढे काय झाले

मार्चमध्ये एका घरट्यात गवत जाऊ लागले. चिमणी साधारण दोन आठवडे अंडी उबवते आणि तितकेच दिवस पिल्ले घरट्यात राहतात. एप्रिलमध्ये चिवचिव ऐकू आली. आईबाप किडे-अळ्या घेऊन दिवसभर ये-जा करत. बाकीची घरटी रिकामीच राहिली, हेही सांगायला हवे. सुट्टीत न्यायला आलेल्या वडिलांना त्या मुलाने आधी भिंतीपाशी नेले आणि बोट दाखवून म्हणाला, "हे माझ्या मापाचं." मी त्याची गलोल परत दिली. ती त्याने खिशात घातली. पुढचे मी विचारले नाही.

मनन

पाड्यांवर आता सिमेंटची घरे होत आहेत. माणसाला पक्के छत मिळाले ही आनंदाची गोष्ट आहे. पण कौलांखालच्या आणि कुडाच्या फटी गेल्या, तसा चिमणीचा निवाराही गेला. स्तोत्र ८४ मध्ये देवाच्या मंदिरात आसरा मिळालेल्या चिमणीचा उल्लेख आहे. तो वाचताना मला आता आमची लाल-पिवळी रिकामी घरटी आठवतात. आपण दुसऱ्यासाठी प्रेमाने करतो, पण माप आपलेच घेतो. वसतिगृह असो, शिलाई वर्ग असो की कपडेवाटप, ज्याच्यासाठी करायचे त्याला आधी विचारले पाहिजे.

मुलांशी चर्चेसाठी

१. तुमच्या घरी किंवा पाड्यावर चिमणी कुठे राहते? आजोबांच्या घरात कुठे राहत असे?
२. आपल्याला न आवडणाऱ्या कोणाला असे काय ठाऊक आहे, जे आपल्याला नाही?
३. आपण कोणासाठी काही केले आणि त्याला विचारायचे राहून गेले, असे कधी झाले?