आजचे चिंतन : काशीच्या वाटेवरचा पुंडलिक



आषाढी जवळ आली की पुंडलिकाची कथा कीर्तनात हमखास येते. पण बहुतेक वेळा ती विटेपासूनच सुरू होते. आई-बापांचे पाय चेपणारा पुंडलिक आणि दारात खोळंबलेला देव. आज त्याच्या आधीचा भाग घेऊ.

लग्नानंतरचा पुंडलिक. वडील जानुदेव, आई सत्यवती. सगळं कुटुंब काशीच्या वाटेला लागलेलं. तो आणि बायको घोड्यावर, म्हातारा-म्हातारी पायी. मुक्कामाला पोचलं की त्या दमलेल्या जिवांकडूनच घोड्यांची चाकरी करून घ्यायचा, असंही काही कथेकरी सांगतात.

मला इथे एक गोष्ट नेहमी टोचते. पुंडलिकाने आई-बापांना टाकलं नव्हतं, बरोबर घेतलं होतं. वाटेतल्या गावांनी बघितलं असेल तर काय म्हणाले असतील? "बघा, पोरगा आई-बापाला काशीला नेतोय!"

पुढे कुक्कुटऋषींच्या आश्रमात त्याला रात्री मळक्या वस्त्रांतल्या स्त्रिया दिसतात. त्या आश्रम झाडतात, सडा घालतात आणि निघताना स्वच्छ होऊन निघतात. गंगा, यमुना, सरस्वती. त्याचं पाप त्याच त्याला दाखवतात. ऋषी नाही, शेजारी नाही, झाडलोट करणाऱ्या बायका! हे मला फार खरं वाटतं. सोफ्यावर चहा पिऊन उठणाऱ्या पाहुण्याला घर दिसत नाही. अंथरूण उचलणाऱ्याला दिसतं.

आमच्या पन्हाळ्यावर पोरं कोल्हापूर-पुण्याला आणि वर गडावर म्हातारी माणसं, अशी घरं थोडी नाहीत. कुठे पगारी मावशी ठेवलेली असते, कुठे एकटी सून बघते. काहींची रवानगी खाली वृद्धाश्रमात होते. आम्ही भजनी मंडळातली चार-पाच जणं अशा माणसांना भेटायला जातो. जाऊन जाऊन काही गोष्टी कळत गेल्या, त्या आज लिहितो.

आषाढात गडावर धुकं आत शिरतं, आठ-आठ दिवस कपडे वाळत नाहीत, सगळ्याच घरांना ओलीचा वास. म्हणून दारातून काही ठरवू नये. खाटेजवळ बसावं, हात हातात घ्यावा. नखं वाढलीत का? जीभ कोरडी पडलीय का? पाण्याचा तांब्या हाताला पोचेल इतक्या जवळ आहे की कोनाड्यात? चष्मा, कवळी, कानाचं यंत्र माणसाजवळ आहे की कपाटात "जपून" ठेवलंय? अंथरुणाला खिळलेल्या माणसाला साधारण दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते. नाही दिली तर माकडहाडावर, टाचांवर कातडी लाल पडते आणि मग जखमा होतात. पांघरुणाखालचं आपण उगाच बघू नये, पण "पाठ दुखते का आजी?" एवढं विचारता येतं.

दंडावर बोटांचे ठसे उमटावेत तसे डाग, दोन्ही मनगटांवर सारखे वळ, दुपारीसुद्धा न उतरणारी गुंगी, यांकडे कानाडोळा करू नये. मात्र घाईही नको. म्हातारपणी कातडी कागदासारखी होते, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असल्या तर नुसत्या धक्क्याने काळं-निळं होतं. एका डागावरून कोणाला गुन्हेगार ठरवू नये. डाग पुन्हा पुन्हा दिसले आणि दर वेळी कारण वेगळं सांगितलं, तर मग विचार करायचा.

"मला जेवायलाच देत नाहीत" ही तक्रार फार ऐकू येते. विस्मरण असलेलं माणूस जेवल्यावर दहा मिनिटांनी असं म्हणू शकतं. म्हणून ते सोडून द्यायचं का? नाही. जेवणाच्या वेळेला जाऊन बसायचं. अंगावरचं लुगडं-धोतर सैल होत चाललंय का, ते पाहायचं. आणि सांभाळणारं माणूस खोलीत आलं की बोलणं एकदम थांबतं का, हेही. आमची भेट एकदा तरी एकट्याशी झालीच पाहिजे, असा माझा हट्ट असतो. वृद्धाश्रमाने तेवढंही होऊ दिलं नाही, तर त्यातच काय ते कळतं.

पैशाचं तर बोलायलाच नको. आपल्या सरकारची निराधार वृद्धांसाठी योजना आहे, नाव श्रावणबाळ. महिन्याला १,५०० रुपये. म्हातारीचा अंगठा घेऊन ते पैसे पोरानेच उचलायचे आणि योजनेला नाव श्रावणाचं!

लातूर जिल्हा परिषदेने २०२० साली ठराव केला. आई-बापांना न सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या पगारातले ३० टक्के कापून त्यांना द्यायचे. पुढच्या वर्षी कापलेही. त्यात शिक्षक होते. शिकलेले, दुसऱ्यांच्या पोरांना संस्कार शिकवणारे.

२००७ चा ज्येष्ठ नागरिक कायदा आपल्याकडे आहे. निर्वाहासाठी अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे करायचा. म्हाताऱ्या माणसाला वाऱ्यावर सोडलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सांभाळण्याच्या अटीवर घर नावावर करून घेतलं आणि सांभाळलं नाही, तर तो बक्षीसपत्राचा व्यवहार रद्द होऊ शकतो. २०२५ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेशातल्या एका आईला तिचं घर असंच परत मिळवून दिलं. पण कागद करताना अट लिहून घ्या बरं का, नाहीतर पुढे फार झगडावं लागतं. आणि कोणाकडे जावं ते सुचत नसेल तर १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा मोफत फोन आहे. शेजाऱ्यानेही केला तरी चालतो.

आता दुसरी बाजू. एका घरात सासूबाई चार वर्षं खाटेवर. सून आम्हाला म्हणाली, "काका, काल मी जोरात वरडले त्यांच्यावर. रात्री चारदा उठले होते." तिला प्रांताकडे नेऊन काय करायचं? चार वर्षांत ती एकदाही माहेरी मुक्कामाला गेलेली नाही, नवरा बाहेरगावी, नणंदा फोनवर सूचना देतात. हा छळ नव्हे, थकवा आहे. पण लक्ष दिलं नाही तर तो छळाकडे सरकायला वेळ लागत नाही, हे तिलाही कळत होतं, म्हणूनच ती बोलली.

तेव्हापासून मंडळातल्या दोघी दर गुरुवारी दुपारी तीन तास त्या घरी बसतात. कूस बदलतात, पेज भरवतात, हरिपाठ म्हणतात. सून खाली वाघबीळला आपल्या बहिणीकडे जाऊन येते. पुढच्या महिन्यात दोघींपैकी एकीच्या घरी लग्न आहे, तेव्हा दोन गुरुवार रिकामे पडतायत. गडावरच्या कोणाला जमेल त्यांनी मंगळवारच्या भजनाला येऊन सांगावं.